कागद हिरवा, टायर आतून टकला: प्रत्येक ट्रॅक वारीनंतर पुढचे टायर का जात होते

आधी लक्षण सांगतो. तुमच्या गाडीचं हेच असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे, नसेल तर टायरची हवा बघा आणि सुखाने चालवा.

गाडी सरळ जाते. स्टिअरिंग मध्यावर आहे. हात सैल सोडला तरी कुठे ओढत नाही. चाकांचे कोन मोजणाऱ्या थ्री-डी अलाइनमेंट मशीनवर चढवली की कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत. आणि तरीही सर्किटची एक वारी करून नाशकात परत आलं की पुढच्या दोन्ही टायरची आतली कड गेलेली. बाहेरून बघाल तर टायर नवाकोरा. स्टिअरिंग पूर्ण वळवून आत डोकावलं की टकला. एकदा तर तार दिसायला लागली होती. असं तीनदा झालं. तीन जोड्या म्हणजे सहा टायर, आणि अठरा इंची परफॉर्मन्स टायरचा भाव ज्यांनी स्वतःच्या खिशातून भरलाय त्यांना जास्त सांगायला नको.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की लोक गाडीवरच भांडत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला. सेकंडहँड घेतलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकच उभा खांब), मागे मल्टिलिंक (चाक धरणारे अनेक दांडे). स्टिअरिंगची रॅक, म्हणजे चाकं वळवणारा आडवा दांडा, पुढच्या चाकांच्या मध्यरेषेच्या पुढे आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, अर्धी गोष्ट त्यातच आहे. स्ट्रटच्या डोक्यावर मी कॅम्बर प्लेट बसवल्या आहेत. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, उणे आकडा म्हणजे चाक वरून आत झुकलेलं. बोल्ट ढिले करून स्ट्रटचं डोकं आत-बाहेर सरकवता येतं. प्लेटवर मार्करने दोन खुणा केल्या होत्या, एक ‘घर’ आणि एक ‘ट्रॅक’. घरच्या खुणेवर कॅम्बर −१.३ अंश, ट्रॅकच्या खुणेवर −२.५.

दोन खुणा का, तर नाशिक आणि सर्किट यांच्यातलं अंतर. आपल्याकडे रॅलीची हौस जुनी आहे, राष्ट्रीय रॅली स्पर्धेची फेरी नाशकात व्हायची तेव्हा अख्खं शहर धूळ खायला जायचं. पण डांबरी सर्किट जवळ नाही. मी जातो ते श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर. ३.७१७ किलोमीटरचा लॅप, १२ वळणं. सिन्नर, संगमनेर, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू असं करत एका बाजूने तेराशे किलोमीटरच्या वर होतात. ट्रेलर परवडत नाही, म्हणून गाडी चालवतच न्यायची. ट्रॅकवर दिवसभरात शंभर-सव्वाशे किलोमीटर, आणि त्यासाठी हायवेवर सव्वीसशे. टायरचा हिशोब करताना हे प्रमाण मी कधी ध्यानातच घेतलं नाही.

पहिली जोडी, आणि ‘कॅम्बर जास्त आहे’ हे सर्वमान्य उत्तर

पहिली जोडी गेली तेव्हा ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं. “कॅम्बर जास्त ठेवलास भो, आतून खाणारच.” मलाही पटलं. चाक वरून आत झुकलेलं म्हणजे आतल्या कडेवर जास्त भार, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

म्हणून पुढच्या वारीला ट्रॅकचा कॅम्बर −१.८ वर आणला. परिणाम काय झाला ते बघा. मद्रासचं सर्किट घड्याळाच्या दिशेने धावतं, उजवी वळणं जास्त, आणि सरळ रस्त्याच्या टोकाचं पहिलंच वळण वेगवान उजवं. सगळा भार पुढच्या डाव्या टायरवर. त्या टायरचा बाहेरचा खांदा पाच लॅपमध्ये फाटायला लागला, गाडीचं नाक वळणात आत यायला तयार होईना. आणि नाशकात परत आलो तर आतली कडही गेलेली. म्हणजे आता टायर दोन्हीकडून खातोय.

त्या वेळी मी थांबून विचार करायला हवा होता. कॅम्बर कमी केल्यावर आतली झीज कमी व्हायला हवी होती. ती झाली नाही, म्हणजे कारण कॅम्बर नव्हतंच. पण माणूस एकदा उत्तर ठरवून बसला की त्याला पुरावा दिसत नाही.

हे ओळखायला मशीन लागत नाही, तळहात लागतो. टायरवर आडवा हात फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. दोन्ही दिशांना सारखाच गुळगुळीत लागला तर झीज कॅम्बरची आहे. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखी धार लागली तर तो टो आहे, म्हणजे वरून पाहिलं तर चाक सरळ दिशेपासून वळलेलं, आणि टायर रस्त्यावर तिरका घासत चाललाय. माझ्या टायरला धार होती. तिन्ही जोड्यांना होती. हात फिरवला तो तिसऱ्या वेळी.

कॅम्बरला लोक उगाच बदनाम करतात. −२ अंशाच्या आसपासच्या कॅम्बरवर, टो नीट असेल तर, टायर रस्त्यावर बऱ्यापैकी चालतो. आतली कड थोडी आधी जाते, पण हळूहळू. टो मात्र गुपचूप खातो. हिशोब सोपा आहे. चाक नेमक्या दिशेपासून १० मिनिटं, म्हणजे अंशाचा सहावा भाग, तिरकं असेल तर दर किलोमीटरला ते साधारण २.९ मीटर बाजूला घासलं जातं. २० मिनिटं असेल तर ५.८ मीटर. तेराशे किलोमीटरला साडेसात किलोमीटर होतात. नाशिक रोड स्टेशनपासून जवळजवळ द्वारकेपर्यंत टायर आडवा ओढत नेल्यासारखंच. ट्रॅकवरचे शंभर किलोमीटर यापुढे किरकोळ.

दुसरी जोडी, आणि दशांश चिन्ह

दुसऱ्या वेळी वारीहून आल्यावर दुसऱ्या दुकानात गेलो. मोठं दुकान, चकचकीत मशीन, एसी वेटिंग रूम. टो तपासला, हिरवा. टाय रॉड एंड, म्हणजे रॅकपासून चाकाला जाणाऱ्या दांड्यांची टोकं, बदलायला सांगितले, बदलले. जुने एंड घरी आणून हातात हलवून पाहिले, त्यांना काही झालेलं नव्हतं.

तिथे एक वेगळीच गंमत झाली, ती सांगायलाच हवी. मागच्या चाकांचा एकूण टो-इन (चाकांच्या पुढच्या बाजू आत वळलेल्या; बाहेर वळलेल्या तर टो-आउट) मी कागदावर लिहून दिला होता ०°१५′. मशीनवरच्या मुलाने घातला ०.१५. त्याच्या मशीनला दशांशातले अंश हवे होते. ०°१५′ म्हणजे पाव अंश, दशांशात ०.२५. ०.१५ अंश म्हणजे फक्त ९ मिनिटं. मागचा टो-इन जवळजवळ निम्म्यावर आला. मागच्या चाकांना जोर असलेल्या गाडीत हे चटकन जाणवतं. इगतपुरीजवळ समृद्धीवर चढलो आणि ताशी शंभरला लेन बदलताना शेपूट आपल्याच मनाने निघाल्यासारखी वाटली. चूक मुलाची म्हणता येणार नाही. मी मिनिटं लिहिली, त्याने दशांश वाचला, दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. तेव्हापासून कागदावर दोन्ही लिहितो आणि शेजारी ‘प्रत्येक चाक’ की ‘दोन्ही मिळून’ हेही लिहितो. कारण हा दुसरा घोळही तितकाच होतो.

मागचा टो या मागच्या-जोराच्या गाड्यांत शून्याच्या पलीकडे, म्हणजे टो-आउटला, कधी जाऊ देऊ नका. पुढचा थोडा इकडे-तिकडे झाला तर टायर जातो, मागचा गेला तर गाडी जाते.

तिसरी जोडी आणि चाचा

तिसऱ्या जोडीनंतर मी मशीनचा नाद सोडून जुन्या नाशकातल्या एका चाचांकडे गेलो. त्यांच्याकडे अलाइनमेंटचं मशीनच नाही. गाडी वर घेतली, स्टँड लावले, आणि एक लांब टॉमी घेऊन पुढच्या लोअर आर्मच्या (चाक खालून धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशात, म्हणजे रबरी सांध्यात, घालून दाबली. बुश चिरलेला होता, रबर धातूपासून सुटलं होतं.

“हे बघा साहेब. गाडी उभी असेल तर चाक जागेवर बसतं. मशीनला काय दिसणार? ब्रेक मारला की चाक मागे जातं.”

बरोबर होतं. उभ्या गाडीची मोजणी एक सांगते आणि ब्रेकखाली चाक भलतीकडे बघतं. त्यामुळे जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात वळवळायचं, मी ते डिस्क वाकल्यावर ढकललं होतं.

बुश बदलला. पण आधी एकदा, दुसऱ्या गॅरेजात, तोच बुश बदललेला होता आणि तो सहा महिन्यांत गेला होता. का गेला ते चाचांनी जोडताना दाखवलं. रबराचा बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून बोल्ट नुसता हाताने बसवायचा, गाडी चाकांवर उतरवायची किंवा जॅकने आर्म नेहमीच्या उंचीला उचलायचा, आणि मगच शेवटचा आवळ द्यायचा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि घाईत कुणी करत नाही. आपल्या रस्त्यांवर बुश तसाही फार दिवसांचा पाहुणा नसतो, त्यात २०२७च्या सिंहस्थाच्या नावाने निम्मं शहर खणून ठेवलंय.

मला वाटलं, सापडलं. पुढच्या वारीला गेलो. ब्रेकखालची वळवळ संपली होती. बंगळुरूच्या अलीकडे चहाला थांबलो, सवयीने टायरवर हात फिरवला, आणि धार होती. नव्या टायरला, हजार किलोमीटरच्या आत.

माझीच गेज चुकीच्या जागी लागत होती

इथे कबूल करतो. मी अंबडला टूल-रूममध्ये काम करतो. पार्ट मोजायच्या आधी गेज तपासायची, एकच पार्ट तिघांनी तीनदा मोजून बघायचा, हे आमचं रोजचं. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. आणि स्वतःच्या गाडीबाबत मी तीन वर्षं कुणीतरी दिलेल्या हिरव्या कागदावर विश्वास ठेवून बसलो होतो.

त्या चहाच्या टपरीवर बसून पहिल्यांदा साधा प्रश्न पडला. गाडी मशीनवर जाते तेव्हा ती कोणत्या अवस्थेत असते? माझा क्रम ठरलेला होता. निघायच्या आदल्या रात्री घरी प्लेट ‘ट्रॅक’ खुणेवर सरकवायच्या, कारण सर्किटवर पोचल्यावर हत्यारं काढत बसायला वेळ नसतो. जाऊन यायचं. रविवारी प्लेट परत ‘घर’ खुणेवर आणायच्या. सोमवारी अलाइनमेंटला जायचं. म्हणजे टायर खाल्ले जात होते ‘ट्रॅक’ खुणेवर, आणि मशीन मोजत होतं ‘घर’ खुणेवर. कागद हिरवा नाहीतर काय येणार!

मॅकफर्सन स्ट्रटचं डोकं आत सरकवलं की नुसता कॅम्बर बदलत नाही, टो पण बदलतो. चाकाचा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) खालच्या बॉल जॉइंटभोवती झुकतो. स्टिअरिंगचा टाय रॉड त्या बॉल जॉइंटपेक्षा थोडा वर जोडलेला असतो, त्यामुळे तो सांधाही नकलबरोबर आत यायला बघतो. पण टाय रॉडची लांबी तीच, तो येऊ देत नाही. रॅक पुढे असेल तर चाकाची पुढची बाजू बाहेर अडून राहते, म्हणजे टो-आउट. रॅक मागे असेल तर नेमकं उलट, टो-इन. तुमच्या गाडीची रॅक कुठे आहे ते खाली वाकून बघा, एवढ्यावरून तुमचं अर्धं निदान होईल. टो-आउट नेहमी आतली कड खातो, आणि चाक वरून आत झुकलेलं असेल तर ती कड आधीच भाराखाली असते. दोघं मिळून काम फत्ते.

दोरी, ओळंबा आणि तांदळाची गोणी

परत आल्यावर प्लेटला हात न लावता गाडी थेट कारखान्यात नेली. रविवार होता. मोजायची पद्धत सविस्तर लिहितो, कारण नाशकात कुणालाही जमेल आणि खर्च शंभर-दोनशे रुपयांचा.

आधी फरशी. चारही चाकांखालची जागा एका पातळीत हवी. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली आणि चार जागा तपासल्या. एका कोपऱ्यात ५ मिमीचा उतार निघाला. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरलं तर ५ मिमीने कॅम्बरच्या मोजणीत ११ मिनिटांची चूक येते. तिथे व्हिनाइलच्या टाइल्स घालून पातळी साधली.

मग वजन. मी ७५ किलोचा. ड्रायव्हरच्या सीटवर, आपल्याकडे म्हणजे उजवीकडे, सिमेंटची ५० किलोची गोणी आणि तिच्यावर इगतपुरीच्या इंद्रायणीची २५ किलोची. टाकी अर्धी. चारही टायरची हवा ठरलेली आणि सारखी. वजन न ठेवता मोजलेली गाडी आणि मी बसलेली गाडी यांच्यात उजव्या बाजूच्या कॅम्बरचा फरक स्पष्ट दिसला. परदेशी लोकांचे आकडे उतरवून घेताना हेही ध्यानात ठेवा, त्यांच्यात बऱ्याच जणांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि रस्ता उजवीकडे उतरता असतो. आपला रस्ता डावीकडे उतरतो, म्हणून गाडी अगदी किंचित डावीकडे सरकली तर तो दोष धरू नका.

पुढच्या चाकांखाली दोन-दोन टाइल्स, मध्ये ग्रीस. चाक मोकळेपणाने सरकलं पाहिजे, नाहीतर टायरच्या पकडीमुळे सस्पेन्शन अडून राहतं आणि आकडा खोटा येतो. प्रत्येक बदलानंतर गाडी पुढून-मागून तीन-चारदा दाबून उसळू द्यायची.

कॅम्बरसाठी ओळंबा. रिमच्या वरच्या ओठाजवळून ओळंबा सोडायचा आणि वरच्या ओठापासूनचं आणि खालच्या ओठापासूनचं दोरीचं अंतर मोजायचं. अठरा इंची रिमचा बाहेरचा ओठ ते ओठ माझ्याकडे ४८० मिमी भरतो. त्यावर एक अंश म्हणजे ८.४ मिमी. −२.५ अंशाला २१ मिमी फरक यायला हवा. आला २०.५.

टोसाठी चार स्टँडवर गाडीच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचा दोरा ताणला. दोरा हबच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवा. पुढच्या आणि मागच्या चाकजोडीची रुंदी वेगळी असते, म्हणून पुढचं अंतर आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळवायचं नाही, डावं-उजवं जुळवायचं. यातच निम्मा तास जातो. मग रिमच्या पुढच्या ओठापासून आणि मागच्या ओठापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने घ्यायचं. माझ्या रिमवर एका चाकाला १ मिमी फरक म्हणजे साधारण ७ मिनिटं.

‘ट्रॅक’ खुणेवर डाव्या चाकाला जवळजवळ ३ मिमी, उजव्याला तेवढेच. दोन्ही टो-आउट. एकूण ४० मिनिटं. दोन्हीकडे सारखं असल्यामुळे स्टिअरिंग मध्यावर, गाडी सरळ, ओढणं नाही. म्हणूनच कधी कळलं नाही. एका बाजूला असतं तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

प्लेट ‘घर’ खुणेवर आणल्या, गाडी उसळवली, पुन्हा मोजलं. टो शून्याच्या जवळ. परत ‘ट्रॅक’ला नेलं, पुन्हा ३ मिमी. शेजारच्या शॉपमधल्या मुलाला काही न सांगता मोजायला लावलं, त्यालाही तेच आलं.

दुरुस्ती

दुरुस्ती शोधापेक्षा फार लहान निघाली. माझ्या टाय रॉडचा आटा दीड मिलिमीटरचा, आणि स्टिअरिंग आर्म साधारण १२० मिमीचा. म्हणजे रॉडचा एक पूर्ण वेढा चाकाला ४३ मिनिटं फिरवतो. रॉडला षटकोन आहे. षटकोनाची एक बाजू म्हणजे सुमारे ७ मिनिटं, तीन बाजू म्हणजे २१. मला हव्या होत्या २०.

आता क्रम असा आहे. प्लेट ‘ट्रॅक’ला सरकवल्या की दोन्ही बाजूंचे चेक नट सोडायचे, दोन्ही रॉड तीन-तीन बाजूंनी आखूड करायचे, नट आवळायचे. परत येताना तीन बाजूंनी लांब. षटकोनाच्या एका बाजूवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, म्हणून मोजणी चुकत नाही. फिरवताना स्टिअरिंगचं रबरी बूट रॉडबरोबर पिळलं जातं, ते क्लिपमधून मोकळं करून सरळ करा, नाहीतर पावसाळ्यात फाटून रॅकमध्ये पाणी जाईल. रॅक मागे असलेल्या गाडीत हे सगळं उलट्या दिशेने. आणि तुमचा आटा, तुमचा आर्म वेगळा असणार, म्हणून माझ्या तीन बाजू उतरवून घेऊ नका. दोरी लावून स्वतःच्या मोजा.

सध्याचे आकडे असे. रस्त्यासाठी पुढे −१.३ अंश आणि टो शून्य, मागे −१.६ अंश आणि एकूण १६ मिनिटं टो-इन. ट्रॅकसाठी पुढे −२.५ आणि टो शून्यच. मागचं तसंच ठेवतो, कारण तिथले एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून कॅम्बर-टो बदलायचे) पुन्हा पुन्हा हलवले की एक दिवस ते स्वतःहून हलायला लागतात. काही जण ट्रॅकवर पुढे ५-१० मिनिटं टो-आउट ठेवतात, नाक चटकन आत येतं म्हणून. गाडी ट्रेलरवर नेणाऱ्याने खुशाल ठेवावं. ज्याला रात्री बेळगाव गाठायचंय त्याने शून्यावर समाधान मानावं. कास्टरला, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाच्या पुढे-मागे कलाला, मी हात लावलेला नाही, दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा कमी फरक आहे. तो जास्त झाला तर गाडी कमी कास्टरच्या बाजूला ओढते.

दोन खुणांचा व्याप नको असेल तर मधला मार्ग आहे. पुढे −२ अंश, टो शून्य, आणि वर्षभर तसंच ठेवा. आतली कड थोडी आधी जाईल, ट्रॅकवर बाहेरचा खांदा थोडा भाजेल, दोन्ही सोसण्यासारखं. माझ्या मित्राने हेच केलंय आणि तो माझ्यापेक्षा शांत झोपतो.

ट्रॅकवर कॅम्बर पुरेसा आहे की नाही ते टायरचं तापमान सांगतं. उधार घेतलेल्या सुईच्या पायरोमीटरने, पिटमध्ये आल्या आल्या, डाव्या पुढच्या टायरच्या तीन जागा मोजल्या. −१.८ वर बाहेर ९६, मध्ये ९०, आत ८३. −२.५ वर बाहेर ८४, मध्ये ८७, आत ९१. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सात-आठ अंशांनी गरम असली की मी खूश. मध्य सगळ्यात गरम आला तर हवा जास्त झाली. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, चेन्नई समुद्राला लागून, त्यामुळे इथे भरलेली हवा तिथे गेजवर साधारण एक पीएसआय कमी दिसायला हवी, पण तिथली गरमी ते भरून काढून वर आणखी देते. हवा ट्रॅकवर गरम टायरमध्ये सोडली असेल तर परतीच्या आधी थंड टायरमध्ये पुन्हा भरा. मी एकदा विसरलो होतो, आणि टायरच्या दोन्ही कडांची ती झीज मी चार दिवस अलाइनमेंटच्या नावावर खपवत होतो.

तरीही आतून खात असेल तर

टो दोन्ही खुणांवर शून्य आणि तरी धार येतेय, तर चाचांची टॉमी. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची आतली बाजू, या क्रमाने. सैल सांध्यावर केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात. मागच्या टायरला असं होत असेल तर एक्सेंट्रिक बोल्टवर रंगाची रेघ मारा आणि महिन्याने बघा. रेघ सरकलेली असेल तर बोल्ट घसरतोय. स्प्रिंग बदलून गाडी खाली केली असेल तर जुना कुठलाच आकडा धरू नका, उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदललेले असतात. टायरवर उंच-सखल टप्पे लागत असतील, धार नव्हे, तर शॉकअप बघा. ती वेगळी गोष्ट.

आणि मशीनवर जायचंच असेल तर गाडी ज्या खुणेवर टायर खाते त्याच खुणेवर न्या. आधी मागचं, मग पुढचा कॅम्बर, शेवटी पुढचा टो, हा क्रम सोडू देऊ नका. मागच्या चाकांची दिशा तिरकी राहिली तर पुढे कितीही नीट केलं तरी स्टिअरिंग वाकडंच राहतं.

नव्या क्रमाने दोन वाऱ्या झाल्या. कालच खोली मोजली, डावा पुढचा टायर आत ५.१, मध्ये ५.६, बाहेर ५.० मिलिमीटर. हात फिरवला तर दोन्हीकडून गुळगुळीत. डॅशबोर्डच्या कप्प्यात आता हिरव्या प्रिंटआउटऐवजी वहीचा फाटका कागद आहे: ‘ट्रॅक, तीन आखूड. घर, तीन लांब.’ उजवीकडचा बुश पुन्हा किंचित कुरकुरायला लागलाय, तो पावसाळा संपला की चाचांना दाखवणार आहे. तोवर द्वारकेचा चौक टाळून मुंबई नाक्यावरून जातोय.